डायऑक्सिजन कार्बाइडचा शोध

३ जानेवारी १९३८, सोमवार. जुना जालना.

आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे कोणाच्या तरी हाती लागतात, तो भाग वेगळा. कचेरीत फसली साल चालतं, घरी शक चालतो. मी इसवी लिहिणार. सायन्सवाले इसवीच लिहितात.

आधी वस्तुस्थिती. उस्मानिया मॅट्रिकला मी दोनदा बसलो. गावात 'बद्रीनाथ दोनदा नापास' असं बोलतात. हे अर्धवट ज्ञान. पहिल्या साली मी वाटूरला घरीच अभ्यास करत होतो, आणि मी पुस्तक उघडलं की आमची मंडळी, म्हणजे द्वारका, ओसरीत पाटा-वरवंटा घेऊन बसे. दुसऱ्या साली वाटण बंद करवलं, तर बांगड्या. भाकरी थापताना बाईच्या बांगड्या किती वाजतात हे ज्याने केमिस्ट्री वाचायला घेतली त्यालाच कळेल. दोन्ही वेळा निकालानंतर मी कारण लपवून ठेवलं नाही. आईला सांगितलं, भावकीत सांगितलं, पारावर सांगितलं. लोकांचा गैरसमज राहू नये.

मागच्या आषाढात सासरे काकासाहेब आष्टीहून गाडी घेऊन आले. मुलीला चार दिवसांसाठी म्हणून नेलं आणि तिकडून निरोप पाठवला की जावईबापू मॅट्रिक झाले की मुलगी नांदायला पाठवू. आई भडकली. मी मनातून खूश. घरात वाटण नाही, बांगड्या नाहीत. शिवाय मी वाटूर सोडून जालन्यात खोली घेतली आणि शाळेत पुन्हा नाव घातलं. म्हणजे ह्या साली पास. कारण काढून टाकलं की परिणामही जातो, हे सायन्सच आहे.

संकल्प: पहाटे चारला उठणे, थंड पाण्याने अंघोळ, उजाडेपर्यंत केमिस्ट्री. चहा बंद.

४ जानेवारी, मंगळवार.

पावणेआठला उठलो. थंडी. चारचा संकल्प उन्हाळ्यापासून लागू करावा. चहा घेतला, त्यालाही थंडीच कारण.

७ जानेवारी, शुक्रवार. शाळेला सुट्टी.

केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं. 'मुरक्कब' नावाचा धडा. मुरक्कब म्हणजे संयुग, दोन मूलद्रव्यं एकत्र आल्यावर जे होतं ते. ह्या संयुगांना नावं कशी द्यायची आणि त्यांचे फार्म्युले कसे लिहायचे, एवढाच धडा. त्यात आकडे आहेत डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा. मोजणी ग्रीकांची, नावं इंग्रजांची, लिपी उर्दू आणि डोकं वाटूरचं. तिघांनी मिळून चौथ्याला छळायचं ठरवलेलं दिसतं.

नियम असा की पहिल्या मूलद्रव्याचं नाव तसंच ठेवायचं आणि दुसऱ्याला 'आइड' हे शेपूट लावायचं. ऑक्सिजनचं ऑक्साइड, क्लोरीनचं क्लोराइड. लग्नात मुलीचं नाव बदलतात तसा प्रकार. नवरा आहे तसाच राहतो. हे मात्र पटलं.

दुसरा नियम: पहिला एकटा असला तर 'मोनो' म्हणायचं नाही, दुसरा एकटा असला तर म्हणायचं. कार्बन मोनॉक्साइड. असं का, ते पुस्तकात नाही. लिहिणाऱ्यालाच माहीत नसणार. घरात मुलगा एकच असला तर त्याला कोणी 'एक बद्रीनाथ' म्हणून हाक मारतं का?

धडा चुटकीसरशी संपला. पोरखेळ आहे. दुपारी झोपलो.

११ जानेवारी, मंगळवार.

शोध लागला. ही तारीख लक्षात ठेवावी.

पुस्तक उर्दू. ओळ उजवीकडून डावीकडे जाते. त्या ओळीच्या मधोमध छापलंय CO₂, आणि पुढे नाव, कार्बन डायऑक्साइड. आता सगळी ओळ उजवीकडून वाचत आलेला माणूस हा फार्म्युलाही उजवीकडूनच वाचणार. आधी दोन, मग ऑक्सिजन, शेवटी कार्बन. म्हणजे दोन ऑक्सिजन, एक कार्बन. शेवटचा तो दुसरा, शेपूट त्याला. नाव झालं डायऑक्सिजन कार्बाइड. कार्बाइडमागचा 'मोनो' बोलताना गाळायचा, पेपरात लिहायचा. पुस्तकातलं नाव साफ उलटं आहे.

बाकीचे ताडून पाहिले. सगळीकडे तेच. N₂O म्हणजे ऑक्सिजन डायनायट्राइड. SO₃ म्हणजे ट्रायऑक्सिजन सल्फाइड. साधं पाणी घ्या, H₂O, ऑक्सिजन डायहायड्राइड. आणि सौंदर्य असं की उजवीकडून वाचलं की आकडा आधी येतो आणि माल मागून. आपण दोन पायल्या ज्वारी म्हणतो, ज्वारी पायल्या दोन म्हणत नाही. इंग्रजीवरून तर्जुमा करणाऱ्या विद्वानांनी ओळ फिरवली आणि नावं फिरवायची विसरले. हैदराबादेत एवढे पगारी लोक बसलेत, एकाच्याही लक्षात आलं नाही.

शेजारचा गयासोद्दीन माझ्याच वर्गात आहे. बापाचं कापडाचं दुकान. मुलगा मेहनती, डोकं बेताचं. त्याला बोलावून दाखवलं. बराच वेळ पुस्तकाकडे आणि माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बद्री, मजकूर उजवीकडून वाचायचा, फार्म्युला डावीकडून. त्यो इंग्रजी हाय. एवढंच हाय, बराबर?"

एका ओळीत दोन दिशा. अरुंद रस्त्यावर दोन बैलगाड्या समोरासमोर आणायच्या आणि म्हणायचं, बराबर. त्याच्याशी वाद घातला नाही. ज्याची उर्दू घरची, त्याला उर्दूची शिस्त मला शिकवावी लागते, हे जालन्यातच होऊ शकतं.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.

आष्टीहून काकासाहेबांचा गडी तिळगूळ घेऊन आला. तिळगूळ बरा होता, गूळ जास्त. गड्याने आमच्या मंडळींचा निरोपही सांगितला. तिने एवढंच विचारलंय, की खोलीत शांतता आहे ना, कोणाचा काही आवाज, काही त्रास तर नाही.

बघा. नवरा घरी असताना जे सुचलं नाही ते आता सुचतंय. मी गड्याला सांगितलं, कळव, बिलकुल शांतता आहे, कोणाचाही त्रास नाही. त्याने माझ्यादेखत दोनदा घोकून पाठ केलं. तिने तसं बजावलं होतं म्हणे.

२५ जानेवारी, मंगळवार.

सायन्सचे मास्तर सिराजोद्दीन साहेब. त्यांनी वर्गात छोटी परीक्षा घेतली. संयुगांची नावं लिहा. मी सगळी नव्या मेथडने लिहिली. सगळ्यांवर तांबडी रेघ. मला जवळ बोलावून मास्तर शांतपणे म्हणाले की बेटा, हे उलटं झालंय, फार्म्युला साऱ्या दुनियेत डावीकडूनच वाचतात. मग फळ्यावर पुन्हा समजावून सांगितलं, माझ्या एकट्यासाठी. वर्ग हसत होता.

साऱ्या दुनियेत. मास्तर हैदराबादच्या पलीकडे गेलेले नाहीत. माणूस सज्जन आहे, पण पुस्तकावर चालणारा. पुस्तक चुकलं की हाही चुकणार, त्याला इलाज नाही. मी मान डोलावली. मोठ्या माणसाने मान डोलावून घरी यावं.

संकल्प: परीक्षेपर्यंत हा शोध कोणालाही सांगायचा नाही. थेट पेपरात.

५ फेब्रुवारी, शनिवार.

शोधाला आज पुरावा मिळाला. आधी नवरा, मागून नवरी, हा नियम पुस्तकानेच दिलाय. मग कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन नवरा कसा होईल? कार्बन म्हणजे कोळसा. ऑक्सिजन हवेत भरलेला, पाण्यात भरलेला, लोखंडाच्या गंजात, चुलीच्या धुरात. सगळ्यांशी सोयरीक करणारं हे घराणं. एवढा मोठा जमीनदार कोळशाच्या घरी जाऊन नाव बदलून राहील? बिलकुल नाही. माझीच मेथड बरोबर.

हे गयासोद्दीनला सांगायचा मोह झाला. सांगितलं. तो म्हणाला, "चल, दोघं मिळून धडा करू. पानं थोडी हायत." म्हणजे मी त्याला शिकवावं. आयतं पाहिजे. नाही म्हणालो.

चारला उठण्याचा संकल्प पाचवर आणला. पाचला जाग आली, पण उठलो नाही, कारण दिवा लावला असता तर डोळ्यांवर ताण.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार.

सुट्टी. स्टेशनजवळ रामकिसनचं सोडावॉटरचं दुकान आहे. गोळीची बाटली. बाटलीत बोट घालून गोळी खाली ढकलली की फस्स करून वायू बाहेर येतो. बाकावर चारपाच गिऱ्हाइकं बसली होती, वेळ होता, म्हटलं लोकांना थोडं ज्ञान द्यावं. मी म्हणालो की हे जे फस्स होतं, ते आहे डायऑक्सिजन कार्बाइड.

एकाने विचारलं, म्हणजे काय. मी खुलासा केला की हाच तो वायू, जो जुन्या विहिरीच्या तळाशी साठतो आणि गाळ काढायला उतरलेली माणसं मरतात. सायन्सच्या दृष्टीने हे शंभर टक्के खरं आहे. त्यावर गिऱ्हाइकांनी बाटल्या बाकावर ठेवल्या. एकाने तर तोंडातला घोट थुंकला. मी सांगत होतो की पोटात गेल्यावर काही होत नाही, ढेकर येते, पण सायन्सचं अर्धं वाक्य ऐकून पळणं ही आपल्या लोकांची खोड आहे.

रामकिसन बाटल्या गोळा करत राहिला. मग म्हणाला की महाराज, तुमी पास होईस्तोवर हिकडं येऊ नका. पास झाल्यावर आलात तर फुकट पाजतो.

दुकानदाराला काय कळतं. फुकट मात्र पिणार.

६ मार्च, रविवार.

काकासाहेब सरकी विकायला जालन्याला आले होते, खोलीवर आले. मी टेबलावर पुस्तकं उघडी मांडून ठेवली, पाचसात एकदम, म्हणजे अभ्यासाचा अंदाज यावा. त्यांनी चौकशी केली. मी त्यांना पाण्याचं खरं नाव सांगितलं. ते म्हणाले की आमच्या विहिरीला औंदा ते कमीच हाय.

हा माणूस माझी परीक्षा ठरवणार. मी स्पष्ट विचारलं की ही अट आपल्याला शोभते का. काकासाहेब टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले. म्हणाले, "आमच्या हातात काय न्हाई, जावईबापू. तुम्ही पास व्हा. मंग तिचं काय म्हननं पडतं ते बघू."

तिचं म्हणणं. सासरे लोक कोंडीत सापडले की मुलीच्या आड लपतात. एवढी शेती, एवढी बैलं, आणि घरात शब्द चालत नाही म्हणे. मी मनात हसलो. जाताना त्यांनी शेंगदाण्याचे लाडू ठेवले. तिने केलेले. चांगले झालेत. संपले.

खरं सांगायचं तर रात्री जेवताना करमत नाही. खानावळीतली भाजी सोमवारी जी असते तीच बुधवारी. इथे लिहून ठेवतो, कारण हे कोणी वाचणार नाही.

२५ मार्च, शुक्रवार.

परीक्षा जवळ आली. नवीन टाइमटेबल केलं. तांबड्या आणि निळ्या शाईत. भिंतीवर चिकटवायला खळ केली, ती पातळ झाली, पुन्हा केली, त्यात दुपार गेली. टाइमटेबल सुरेख दिसतं. गयासोद्दीन बघून गेला. त्याने स्वतःसाठी टाइमटेबल केलेलं नाही, नुसताच वाचत बसतो. अशा पोरांना मेथड नसते.

इतिहास, भूगोल, हिसाब राहिलेत. केमिस्ट्रीत इतके मार्क पडणार की ते बाकीच्यांना ओढून नेतील.

४ एप्रिल, सोमवार. औरंगाबाद.

सकाळच्या गाडीने गयासोद्दीनबरोबर आलो. सेंटर इथेच आहे. परीक्षेला शेरवानी लागते, माझी त्याच्या चुलतभावाची, बाह्या तोकड्या. निघताना मैमूनाबी म्हणजे गयासोद्दीनच्या आईने दोघांच्याही हातावर दही-साखर ठेवली. आपला रिवाज तिला कसा माहीत, विचारायचं राहिलं.

गाडीत तो धडा वाचत होता. मला म्हणाला की बद्री, खुदा के वास्ते, पेपरात तेवढं डावीकडून वाच, मंग पुढं साऱ्या जिंदगीत उजवीकडून वाचलं तरी चालतंय. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

६ एप्रिल, बुधवार. औरंगाबाद.

सायन्सचा पेपर. उत्तम. इतका उत्तम पेपर मी आयुष्यात लिहिलेला नाही.

पहिला प्रश्न, खालील फार्म्युल्यांची नावं लिहा. PCl₅ होता. मी लिहिलं, पेंटाक्लोरीन मोनोफॉस्फाइड. CO होता, तिथे ऑक्सिजन मोनोकार्बाइड, मोनोसकट, नियमाप्रमाणे. दुसरा प्रश्न उलटा, नावांवरून फार्म्युले लिहा. सल्फर ट्रायऑक्साइडला उजवीकडून सुरुवात केली, आधी S, मग तीन, मग O. बाहेरून बघणाऱ्याला ते O₃S दिसलं असतं, पण बाहेरून बघणाऱ्यासाठी पेपर नसतोच. एकाही ठिकाणी हात थांबला नाही.

शेवटी पाऊण पान रिकामं राहिलं. तिथे परीक्षक साहेबांना अदबीने कळवलं की आपल्या प्रश्नपत्रिकेत नावं आणि फार्म्युले ह्यांच्या दिशा जुळत नाहीत, ही छापखान्याची चूक असावी, तरी पुढच्या सालापासून दुरुस्ती व्हावी. खाली माझा रोल नंबर मोठ्या अक्षरात लिहिला, म्हणजे कोणी दुरुस्ती सुचवली ते शोधत बसायला नको.

बाहेर पडलो तेव्हा गयासोद्दीन पायरीवर डोकं धरून बसला होता. एक नाव चुकलं म्हणे. मी त्याचं सांत्वन केलं.

१ मे, रविवार. वाटूर.

निकालाची वाट बघतोय. आईने अंगणात मांडव घातलाय, सावलीला बसून पुढचं ठरवतोय. परतूरच्या तहसील कचेरीत काकासाहेबांची ओळख आहे, मॅट्रिक झालो की कारकुनाची जागा. पण कारकून होऊन रसायनशास्त्र सोडायचं का, हा प्रश्न आहे. हैदराबादहून बोलावणं आलं तर काय उत्तर द्यायचं, तेही ठरवून ठेवलं पाहिजे.

भावकीतल्या लोकांनी विचारलं, औंदा कसं. मी म्हटलं, औंदा मंडळी घरात नव्हती, त्यामुळे चिंता नाही. सगळ्यांना पटलं.

मंडळी आली की पाटा-वरवंटा परसात नेऊन ठेवायचा. बांगड्यांचं बघू. वाजल्या तरी हरकत नाही, आता काय वाचायचं राहिलंय.

१३ जून, सोमवार. जालना.

सरकारी जरीदा, म्हणजे गॅझेट, शाळेत आला. निकाल त्यात छापलेला. पहिल्या डिव्हिजनमध्ये पाहिलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग पुन्हा पहिल्या, घाईत नंबर सुटला असेल म्हणून.

गयासोद्दीन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पास. माझ्याशेजारी उभा होता, पण हसला नाही. सिराजोद्दीन साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.

संध्याकाळी मैमूनाबींनी खीर पाठवली. खाल्ली. वेलदोडा जास्त.

१४ जून, मंगळवार.

परीक्षक जुन्या मताचा असणार. जरीद्यातही छापखान्याच्या चुका असतातच.

१६ जून, गुरुवार.

कारण सापडलं. दोन दिवस विचार केला. परीक्षक, छापखाना, सिराजोद्दीन साहेब, सगळे तपासून पाहिले, पण एकानेही पूर्ण हिशेब लागत नाही. आज खानावळीतून परत येऊन खोलीत बसलो आणि लक्षात आलं. शांतता. ह्या खोलीत शांतता फार होती. इतक्या शांततेत माणसाचं मन लागत नाही, विचार भरकटतात. वेळेवर चहा नाही, सकाळी उठवणारं कोणी नाही. चारला उठायचा संकल्प का मोडला? हाक मारायला घरात कोणी नव्हतं. आमची मंडळी असती तर मी पास झालो असतो. म्हणजे काकासाहेबांची अटच मुळात उलटी होती.

हे त्यांना पटवून देता येईल. परवा आष्टीला निघावं. मुलीला पाठवा, मी पास होतो, असं सांगायचं. मुद्दा बिनतोड आहे. दाढी केली.

१९ जून, रविवार. आष्टी.

परतूरपर्यंत रेल्वे, पुढे काकासाहेबांची गाडी. वाटेत भाषण पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. गाडीवाल्याला पटलं.

काकासाहेबांनी हातपाय धुवायला पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं. मी मुद्दा मांडला. शांततेचे दुष्परिणाम, चहा, सकाळची हाक, सगळं ओळीने. बोलणं चांगलं झालं. काकासाहेब जमिनीकडे बघत होते. मी संपवलं तेव्हा म्हणाले की हे मला सांगून काय उपेग, आणि उठून बाहेर गेले.

मग आमची मंडळी दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, नजर खाली. मागच्या आषाढानंतर आज पाहिली. अंगाने बरी झाली आहे. मी काही चौकशी करणार, तेवढ्यात तीच बोलली. वडिलांच्या घरी नवऱ्याशी असं उभं राहून बोलताना मी तिला कधी पाहिलेलं नाही.

"पयल्या साली माझ्या पाट्यामुळं नापास झाले. दुसऱ्या साली बांगड्यामुळं. साऱ्या वाटूरनं मला तोंडावर बोलून दाखवलं. पाण्याला गेले तरी बायका बोलायच्या. आता मी न्हव्हते, तर मी न्हव्हते म्हनून. म्हंजे घरात असले तरी माझ्यामुळं, नसले तरी माझ्यामुळं."

मी म्हणालो की विषय केमिस्ट्रीचा आहे, तो तिला कळणार नाही.

ती म्हणाली, "अट बाबांची न्हाई. माझी हाय. मीच त्यांच्या तोंडून वदवली. मला मॅट्रिक काय करायची? मी म्हटलं, आपन घरातून निघून जावं, आवाज न्हाई, त्रास न्हाई, अन् मंग बघावं काय होतं ते. झाले पास, तर माझाच दोष, मी कबूल करीन. न्हाई झाले, तर साऱ्यांला दिसंल. संक्रांतीला गडी पाठवून विचारलं त्ये त्याच्यासाठीच."

मी घोंगड्याच्या दशा मोजल्या. 

मग आवाज खाली आणून म्हणाली की मी भांडत नाही. एवढंच करा. वाटूरला तुमच्या आईसमोर, आत्याबाईंसमोर बसा आणि एकदा सांगा, की हिच्यामुळं झालं न्हाई. बाकी भावकीत नका सांगू, पारावर नका सांगू. फक्त आत्याबाईंला. त्या दिवशी गाडी पाठवा, मी गाडीत बसते. पुढच्या साली पुन्हा नापास झाले तरी मी काय म्हननार न्हाई.

आत गेली. जेवायला तिनेच वाढलं.

२० जून, सोमवार. वाटूर.

दुपारी पोचलो. गाडीत सगळं वाक्य पाठ केलं होतं. सोपं आहे. एक ओळ. डावीकडून म्हटलं काय आणि उजवीकडून म्हटलं काय, अर्थ तोच.

आईने निकाल आधीच ऐकला होता. भाकरी करायला बसली होती, थापता थापता विचारलं, "ह्या बारीला काय झालं रं?"

मी तिच्यासमोर पाटावर बसलो. तोंड उघडलं. समोर आई होती, चूल होती, तिसरं कोणी नव्हतं. सांगायला काहीच हरकत नव्हती.

मी म्हणालो, घरात ती नव्हती, त्यामुळे आबाळ झाली.

आईला ते लगेच पटलं. ती द्वारकेला बोलायला लागली, मग काकासाहेबांना, मग आष्टीच्या साऱ्या घराण्याला. बराच वेळ बोलत होती. मी मध्ये पडलो नाही. आष्टीला गाडी पाठवली नाही.

आईने ताटात गरम भाकरी टाकली. अर्धी तशीच ठेवली. ज्वारी जुनी असावी.